दुकान आपले, गिऱ्हाईक कोणाचे?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हांला तरुणांच्या धंद्याविषयी बोलायला सांगितले. आम्ही पडलो साचेखात्यातले, धंदा कधी केला नाही. पण लहानपणापासून दुकानाच्या फळीपुढे उभे राहिलो आहोत, म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलतो.

कोल्हापूरचे गंगाराम कांबळे वडीलधाऱ्यांना ठाऊक आहेत. ते राजवाड्याच्या पागेत नोकर होते. सवर्णांच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारले. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण तेवढ्यावर न थांबता गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला लावला, मदतही दिली. भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल निघाले. नाव 'सत्यसुधारक'.

आता बघा. जागा झाली, भांडवल झालं, स्वच्छता चोख. पण महाराचा चहा पिणार कोण? हॉटेल ओस पडलं. हे कळल्यावर महाराजांनी आपली गाडी हॉटेलासमोर थांबवली, भर रस्त्यात चहा मागवला, स्वतः प्याले आणि बरोबरच्यांनाही पाजला. सहीसाठी येणाऱ्यांनाही तिथला चहा घ्यावा लागे. छत्रपती असून त्यांनी साध्या गिऱ्हाइकाचं काम केलं, तेव्हा हॉटेल चाललं.

त्याच सुमाराला मुंबईत काय घडलं? बाबासाहेब १९१७ साली विलायतेहून परतले. बडोद्याची नोकरी अपमानापायी सोडावी लागली, तेव्हा त्यांनी शेअरबाजाराचा सल्ला देणारी पेढी काढली. सुरुवातीला लोक आले. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं आणि येईनासे झाले. पेढी बंद पडली. अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाची ही गत! ज्ञानात खोट नव्हती, गिऱ्हाईक नव्हतं.

आज कर्जाच्या योजना आहेत. महात्मा फुले महामंडळ १९७८ सालचं, 'स्टँड अप इंडिया' २०१६ साली निघाली होती. कागदपत्रांचे हेलपाटे आहेत, ते सोसावे. पण गिऱ्हाईक कुठली बँक देत नाही.

आणि इथं आम्हांला थोडं कडू बोलायचं आहे. आपल्या चाळीतल्या पोराने किराणा दुकान काढलं. बाहेरचे येत नाहीत हे समजू शकतं. आपण काय करतो? महिन्याचा बाजार नाक्यावर रोख भरतो, आणि रात्री मीठ संपलं की याच्याकडे पोराला पाठवतो, "लिहून ठेव म्हणावं." बाहेरच्याला रोख आणि घरच्याला उधारी, हा कुठला न्याय?

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आम्ही तेव्हा लहान होतो, पण वाण्याच्या वहीवर किती घरं जगली ते पाहिलं आहे. त्या वाण्याला थांबण्याइतकं भांडवल होतं. या पोराने सोमवारी माल विकला तरच मंगळवारी नवा माल येणार. वीस घरांनी उधारी थकवली की त्याचं दुकान बसलं.

पोरांनाही सांगतो, वजन चोख ठेवा, भाव पाटीवर लिहा, दुकान वेळेवर उघडा. आपला म्हणून एकदा येतील, दहादा येणार नाहीत.

बहिणींनो, घरातला बाजार तुमच्या हातात आहे. या पगाराला त्याची मागली उधारी चुकती करा, आणि पुढच्या महिन्याची यादी आधी त्याच्याकडे द्या. एखादी वस्तू त्याच्याकडे नसेल तर तसं सांगा, तो आणून ठेवील.

जयभीम.