हौशी मोटारवाल्याची निवड : चाकें, टायर आणि स्प्रिंगा

इंग्लंडमध्यें मोटारींच्या शर्यतींसाठीं जीं मैदानें आज नांवाजलेलीं आहेत, त्यांपैकीं अनेकांचा जन्म दुसऱ्या महायुद्धांतील विमानतळांवर झाला. सिल्व्हरस्टोन येथें १९४३ पासून बाँबफेकी विमानांचीं पथकें शिक्षण घेत असत; युद्ध संपलें, विमानें गेलीं आणि १९४८ च्या ऑक्टोबरांत त्याच धांवपट्ट्यांवर ब्रिटिश ग्रां प्री ही शर्यत झाली. वळणांच्या कडेला त्या वेळीं गवताचे भारे रचलेले होते. गुडवुड, कॅसल कूंब, थ्रक्स्टन, स्नेटर्टन यांची कुळकथाहि थोडीफार अशीच आहे. या मैदानांवर शर्यतीचे दिवस वर्षांतून मोजकेच येतात. उरलेल्या दिवसांपैकीं कांहीं दिवस फी घेऊन ही वाट सामान्य मोटारवाल्यास मोकळी करून देतात, आणि त्या दिवसाला तिकडे ‘ट्रॅक-डे’ असें म्हणतात.

ट्रॅक-डे म्हणजे शर्यत नव्हे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. येथें घड्याळ लावीत नाहींत, पहिला-दुसरा क्रमांक नसतो, आणि पुढच्या गाडीनें वाट दिल्यावांचून तिला मागें टाकतां येत नाहीं. शिरस्त्राण सक्तीचें असतें. गाडीचा आवाज ठराविक मर्यादेबाहेर गेला तर दारांतूनच परत पाठवणी होते. परंतु नियम कितीहि असोत, ताशीं दीडशें किलोमीटरच्या वेगांत हातची गेलेली गाडी कडेच्या अडसरावर जाऊन आदळते, आणि नेहमींच्या विम्यांत हा दिवस बहुधा धरलेला नसतो. नुकसान मालकाच्या खिशांतूनच भरून निघावयाचें. शिवाय जिनें दिवसभर हौस फेडली त्याच गाडींतून पुष्कळांना संध्याकाळीं घरीं परतावयाचें असतें. कोणतीं चाकें घालावीं, कोणते टायर चढवावे आणि स्प्रिंगा किती ताठ असाव्या, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौसेचा राहत नाहीं.

उदाहरणादाखल माझदा कंपनीची एमएक्स-५ ही लहान उघडी गाडी घेतां येईल. ती १९८९ मध्यें शिकागोच्या प्रदर्शनांत प्रथम दिसली. वजन सुमारें ९५० किलो, इंजिन १६०० सी.सी.चें, ताकद सुमारें ११५ अश्वशक्ति आणि जोर मागच्या चाकांना. थोड्या पगाराच्या माणसाला जुनी म्हणून विकत घेतां येईल अशी ती पुष्कळ वर्षें होती, आणि म्हणूनच इंग्लंडांतील ट्रॅक-डेला ती जागोजाग दिसूं लागली. एखादा शिक्षक किंवा पेढींतील कारकून अशी गाडी घेतो, आणि पहिल्याच महिन्यांत त्याची नजर दुकानांतील झगझगीत, १७ इंची चाकांवर जाते. येथेंच बहुतेकांचे पैसे वायां जातात.

कारण गाडी रस्त्याला धरते ती चाकांनीं नव्हे, टायरच्या तळाशीं टेकलेल्या रबराच्या चार तुकड्यांनीं. चालकासह गाडीचें वजन १०३० किलो धरलें तर दर चाकावर सुमारें २५७ किलो भार येतो. टायरमध्यें २६ पौंड हवा असेल तर हा भार तोलण्यास सुमारें १४० चौरस सेंटिमीटर रबर जमिनीस टेकावें लागतें. एवढी जागा साधारण उघडलेल्या हाताच्या पंजाएवढी होते. चारी तुकडे एकत्र केले तरी टंकलेखनाचा ए-४ कागद पुरता झांकला जाणार नाहीं. वेग घेणें, थांबणें आणि वळणें हीं तिन्ही कामें एवढ्याशा जागेवर व्हावयाचीं असतात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धांव चढवीत, तिचें काम लांकूड झिजूं न देणें एवढेंच होतें. १८४५ मध्यें रॉबर्ट थॉमसननें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें आणि १८८८ मध्यें बेलफास्ट येथें डनलॉपनें मुलाच्या तीनचाकीसाठीं तीच कल्पना नव्यानें शोधून काढली, तेव्हांपासून धांवेचा अर्थच पालटला.

टायरची पकड ही घरखर्चाच्या ठराविक रकमेसारखी असते. ब्रेकवर सगळी खर्च केली तर वळण्यासाठीं कांहीं उरत नाहीं. नवशिका चालक वळणांत शिरल्यावर घाबरून ब्रेक दाबतो आणि गाडी सरळच निघून जाते, किंवा तिची शेपटी फिरते, याचें मूळ या हिशेबांत आहे. चांगला टायर ही रक्कम वाढवितो. म्हणून पैसा प्रथम टायरवर घालावा यांत शंका नाहीं. मात्र चांगला म्हणजे सर्वांत चिकट, असें समजूं नये. साधा, उत्तम प्रतीचा रस्त्यावरचा टायर पकड सुटण्यापूर्वीं किंचाळतो, हळूहळू सरकूं लागतो आणि चालकाला सावरावयास वेळ देतो. शर्यतीच्या जातीचा मऊ टायर अधिक वेगापर्यंत धरून राहतो, पण पुष्कळदां पुरेशी सूचना न देतां सोडतो, आणि सोडतो तेव्हां वेग वाढलेला असतो. पहिल्या वर्षीं साधा टायर, हात बसल्यावर मऊ, हा क्रम शहाणपणाचा.

टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत पुष्कळ कांहीं लिहिलेलें असतें व तें वाचण्याचा कंटाळा करूं नये. अमेरिकन पद्धतीचा झिजेचा आंकडा जितका लहान तितकें रबर मऊ व अल्पायुषी. ट्रॅक-डेसाठीं खपणाऱ्या रस्त्याच्या टायरांवर हा आंकडा बहुधा २०० किंवा त्याहून कमी असतो. दुसरा चार आंकड्यांचा शिक्का जन्मतारखेचा. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झालेला माल. जुन्या गाडीबरोबर आलेला, नक्षी शाबूत असलेला पण दहा-बारा वर्षांचा टायर दिसावयास नवा आणि स्वभावानें लांकडासारखा असतो; त्याच्यावर ट्रॅकवर जाणें म्हणजे उसनें संकट ओढवून घेणें होय.

इंग्लंडांत पावसाचा भरंवसा नाहीं. तेथें नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण तेवढ्यावर समाधान मानणें ओल्या दिवशीं धोक्याचें. साचलेल्या पाण्यावर नक्षी उरलेली नसलेला टायर कोणत्या वेगाला तरंगूं लागतो, याविषयीं अमेरिकेंतील नासा संस्थेच्या संशोधनांतून एक ठोकताळा निघाला : हा वेग टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असतो. २६ पौंडांना तो ताशीं सुमारें ८५ किलोमीटर येतो. सरळ पट्टीवर ही लहानशी गाडी त्याच्या कितीतरी पुढें जाते.

आतां चाकें. मूळच्या गाडीवर १४ इंची चाकें आणि १८५/६० आर १४ मापाचे टायर होते. त्यांचा व्यास सुमारें ५७८ मिलिमीटर भरतो. १५ इंची चाकावर १९५/५० आर १५ चढविला तर व्यास ५७६ मिलिमीटर येतो, म्हणजे जवळजवळ जशाचा तसा. रबर थोडें रुंद झालें, बाजूची भिंत थोडी ठेंगणी व ताठ झाली, आणि वेगदर्शक कांटाहि खोटें बोलत नाहीं. शिवाय या मापांत टायरांची निवड मोठी आहे. उलट १७ इंची चाकावरील २०५/४० टायरचा व्यास सुमारें ५९६ मिलिमीटर होतो. गिअर तीन टक्क्यांनीं लांब पडतात आणि ११५ अश्वशक्तीच्या इंजिनाला तें जाणवतें. त्यांत अशा स्वस्त मोठ्या चाकांचें वजनहि जास्त. परिघाजवळ वाढलेला एक किलो वेग घेतांना जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो, कारण त्याला पुढेंहि न्यावें लागतें आणि फिरवावेंहि लागतें. शिवाय हें वजन स्प्रिंगेच्या खालचें. खड्ड्यावरून उसळलेलें जड चाक पुन्हां जमिनीवर येण्यास उशीर लावतें, आणि चाक हवेंत असतांना टायर कितीहि महागाचा असला तरी निरुपयोगी.

चाक बसतें कीं नाहीं हें नुसतें भोकें जुळवून ठरवूं नये. या गाडीचे चार बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत व मधलें भोंक ५४.१ मिलिमीटरचें आहे. मधलें भोंक मोठें असेल तर चाक नेमकें मध्यावर बसावें म्हणून कडी घालावी लागते. चाक मापापेक्षां फार बाहेर आलें तर स्टिअरिंग हातांत ओढ घेऊं लागतें आणि बेअरिंगवर नसता ताण येतो. ओतीव चाकापेक्षां घडीव चाक हलकें व चिवट, पण किंमत दुप्पट-तिप्पट. कोणत्या कारखान्याचें हें ठाऊक नसलेलें स्वस्त चाक मात्र कोणत्याहि किंमतीला महागच.

सस्पेन्शनविषयीं जितके गैरसमज आहेत तितके बहुधा मोटारीच्या दुसऱ्या कोणत्याच भागाविषयीं नसतील. वळणांत गाडी बाहेरच्या अंगाला कलते, म्हणून भार तिकडे जातो, सबब स्प्रिंगा ताठ केल्या कीं भार जाणार नाहीं, असा सर्वसाधारण तर्क आहे. तो चूक आहे. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच धरला आणि गुरुत्वाकर्षणाच्या नऊ-दशांश जोरानें ती वळते असें मानलें, तर आंतल्या दोन चाकांवरून जवळजवळ ३०० किलो भार बाहेरच्या दोन चाकांवर जातो. स्प्रिंगा लोण्यासारख्या असोत वा पोलादी कांबीसारख्या, ह्या बेरजेंत म्हणण्यासारखा फरक पडत नाहीं; ती ठरते वजन, उंची आणि चाकांमधील अंतर यांवरून. स्प्रिंगांच्या व आडव्या दांड्यांच्या हातीं असतें तें एवढेंच, कीं ह्या ३०० किलोंपैकीं किती पुढच्या जोडीनें सोसावे आणि किती मागच्या.

वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या ह्या वांटणींतच जीव अडकलेला आहे. टायरवरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाहीं, थोडी कमीच वाढते. म्हणून ज्या जोडीवर भाराची ही विषम विभागणी अधिक, ती जोडी आधीं सुटते. पुढची बाजू अधिक ताठ असेल तर पुढचीं चाकें आधीं सरकतात, गाडी हट्टानें बाहेर जाऊं लागते, आणि चालकानें वेग हलकेच उतरविला कीं पुन्हां ऐकते. मागची बाजू अति ताठ केली तर शेपटी सुटते, आणि घाबरून पाय उचलणाऱ्याला ती पुरती फिरविते. जाहिरात वाचून केवळ मागचा जाड दांडा बदलणाऱ्यानें हें समजून घेतलेलें बरें.

जुन्या गाडींत स्प्रिंगांहून आधीं शॉक-अॅब्सॉर्बर पाहावे. स्प्रिंग धक्का सांठविते, शॉक-अॅब्सॉर्बर त्याची उष्णता करून टाकतो. तो थकला कीं गाडी प्रत्येक उंचवट्यानंतर झुलत राहते आणि टायरवरचा भार क्षणोक्षणीं कमी-अधिक होतो. कोपरा दाबून सोडल्यावर गाडी एकदां वर येऊन स्थिरावली पाहिजे. दोनतीनदां नाचली तर तो बदलावयास हवा. नाचली नाहीं म्हणजे तो निरोगी, असें मात्र समजूं नये; तेल गळतें आहे काय हें वांकून पाहावें. नव्या स्प्रिंगा घ्यावयाच्या तर माफक ताठ घ्याव्या आणि त्यांना शोभतील असेच शॉक-अॅब्सॉर्बर बरोबर घ्यावे. १९३० नंतरच्या दशकांत जनरल मोटर्समध्यें मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरनें दाखवून दिलें, कीं पुढच्या स्प्रिंगांचें आंदोलन मागच्यांहून थोडें संथ ठेवलें तर गाडी घोड्यासारखी पुढें-मागें डुलत नाहीं. ताठपणाच्या नादांत हा जुना धडा सहज विसरला जातो.

गाडी जमिनीलगत बसवावी ही हौसहि आंवरावी. उंची कमी केल्यानें गुरुत्वमध्य खालीं येतो हें खरें, पण या गाडींत चाकाला वर सरकण्यास मुळांतच जागा थोडी. दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत निभावतें. त्याखालीं गेल्यास वळणांतला एखादा उंचवटा लागतांच सस्पेन्शन रबरी अडसराला टेकतें, तो कोपरा एकाएकीं दगडासारखा होतो आणि पकड तत्क्षणीं सुटते.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित सुधारणा म्हणजे चाकांचा कल. कललेल्या गाडींत बाहेरचा टायर आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो व ती कड झिजून गोल होते. म्हणून चाकाचा माथा आधींच दीड-दोन अंश आंत झुकविलेला असावा. एमएक्स-५ च्या खालच्या दांड्यांना यासाठीं विकेंद्री बोल्ट मुळापासून दिलेले आहेत, पुढेंहि आणि मागेंहि. एक पै किंमतीचा भाग न घेतां, केवळ चांगल्या कारागिराच्या तासा-दोन तासांच्या मजुरींत हें काम होतें. कल पुरेसा आहे कीं नाहीं हें पाहण्यास शाळेंतला खडू पुरतो. टायरच्या कडेवर रेघ ओढून चार फेऱ्या मारल्या, कीं कोठपर्यंत खडू पुसला गेला त्यावरून टायर किती लवंडतो तें कळतें.

शेवटीं हवा. सकाळीं १५ अंश तापमानांत भरलेले २६ पौंड, टायर ६५ अंशांपर्यंत तापला कीं वायूच्या नियमाप्रमाणें ३३ होतात. टायर फुगून मध्यावर उभा राहतो, पकड घटते. म्हणून चालक दुपारीं हवा सोडून दाब २८ वर आणतो आणि गाडी पुन्हां वळणांना चिकटते. दिवस संपतो. रात्रीं, थंड हवेंत, त्याच टायरमध्यें २२ पौंडच उरलेले असतात, आणि पुढें घरापर्यंत दोनशें किलोमीटरचा वेगवान रस्ता, बहुधा पावसाचा. मैदानाचें फाटक ओलांडण्यापूर्वीं टायर निवूं द्यावे, पायपंपानें २६ पौंड पुरे करावे, आणि चाकांचे सोळाहि नट पान्यानें पुन्हां तपासावे.