शनिवारचा रेडिओ आणि आपला रोस्टर
(अभ्यासवर्गातील भाषण)



'साप्ताहिक विश्रांती' हा विषय आम्हाला नेमून दिला तेव्हा रोस्टर, बदली सुटी आणि ओव्हरटाइम एवढ्यावरच बोलावे असा विचार होता. पण ते तर आपल्याला पाठ आहे. इटारसीचा पॉइंट्समन असो की सिकंदराबादच्या आर.एम.एस.मधला सॉर्टर, सुटी कागदावर किती आणि हातात किती पडते हे त्याला आम्ही सांगायला नको. म्हणून आज जरा लांबून येतो. ज्यू समाजाची रेडिओ केंद्रे जगात अनेक शहरांत आहेत. रेडिओ हे चोवीस तासांचे काम, आणि ज्यू धर्माची आज्ञा अशी की सातव्या दिवशी कामाला हात लावायचा नाही. ही दोन्ही एका छपराखाली कशी नांदवतात ते पाहिले, तर आपल्याच प्रश्नाची काही अंगे नीट दिसतात असे आमचे मत आहे.

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री तारे दिसू लागले की सुटतो. म्हणजे सुमारे पंचवीस तास. निषिद्ध कामांचे एकोणचाळीस प्रकार जुन्या धर्मपंडितांनी ठरवले आहेत. त्यांत पेरणी, दळण, विणकाम, लेखन आणि विस्तव पेटवणे ही कामे येतात. वीज त्या काळी नव्हती, पण कर्मठ ज्यू माणूस शब्बाथला दिव्याचे बटणही दाबत नाही. मग मायक्रोफोन, ट्रान्समीटर, टेलिफोन यांची गोष्टच नको. शिवाय सूर्यास्ताची वेळ रोज सरकते. लंडनमध्ये डिसेंबरात सूर्य चारच्या आधी मावळतो आणि जूनमध्ये रात्री नऊनंतर. शुक्रवारच्या पाळीचा शेवट तिथे वर्षभर एका वेळेवर ठरत नाही. आपल्याकडचे रोस्टर करणारे बाबू अशा नोकरीत टिकले नसते!

तुम्ही म्हणाल, यात अडचण कसली? शुक्रवारी दुपारी यंत्रावर गाणी लावून ठेवावीत, कुलूप घालावे आणि घरी जावे. हात कोणीच लावला नाही. दिसायला सोपा असलेला हा प्रश्न फार जुना आहे, रेडिओच्या आधी कित्येक शतकांचा. शुक्रवारी दिवस मावळण्याआधी पाणचक्कीत गहू घातले आणि चक्की आपोआप शब्बाथभर दळत राहिली, तर चालते का? सोळाव्या शतकातल्या शुल्हान आरूख या धर्मशास्त्राच्या ग्रंथाने चालते असे म्हटले. त्यावर पोलंडातल्या क्राको शहरचे मोशे इस्सर्लिस यांनी टीप जोडली की चक्कीचा आवाज होतो, शेजारपाजारच्यांना वाटते की आत काम चालू आहे, म्हणून होता होईल तो टाळावे. नुकसानच होत असेल तर सवलत द्यावी. आता पाणचक्कीच्या जागी ट्रान्समीटर ठेवून पाहा. आवाज घरोघर पोचवणे हाच तर त्याचा धंदा! आणि ऐकणाऱ्याला काय कळणार की ही फीत गुरुवारची आहे, की आत्ता कोणी माणूस कामाला बसला आहे?

मग दुसरी वाट, शनिवारी ज्यू नसलेल्या माणसाला कामावर बसवायचे. इथे शास्त्र आणखी बारकाईत जाते. माझे काम शब्बाथला तू कर, असे दुसऱ्याला सांगणे मना आहे. धंद्यात भागीदारी असेल तर मार्ग आहे: शनिवारचे उत्पन्न ज्यू नसलेल्या भागीदाराचे आणि त्याबदली दुसऱ्या एका दिवसाचे उत्पन्न ज्यू भागीदाराचे, असा करार चालतो. अट एकच, हे सुरुवातीलाच ठरलेले असले पाहिजे. महिनाअखेरीस हिशेबाला बसल्यावर 'तो दिवस तुझा धरू' असे म्हणून भागत नाही. आपल्याकडे सुटीच्या दिवशी ड्यूटीवर बोलावतात आणि बदली सुटीचे पुढे पाहू म्हणतात. त्या 'पुढे'ला तारीख नसते. आधी लिहून घ्या हा मुद्दा धर्मपंडितांना सुचला, आपल्या कचेऱ्यांना अजून सुचायचा आहे.

पगाराचा मुद्दा तर आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. केवळ शब्बाथच्या दिवसाचा म्हणून मोबदला घेता येत नाही. तालमूदमध्ये राखणदाराचे उदाहरण आहे. रोजंदारीवर ठेवलेल्या राखणदाराला शब्बाथचे पैसे मिळत नाहीत, आणि म्हणून त्या दिवशी काही नुकसान झाले तर त्याची जबाबदारीही त्याच्यावर नाही. आठवड्याच्या, महिन्याच्या किंवा वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्याला शब्बाथचेही मिळतात, कारण ते सबंध मजुरीत मिसळलेले असतात, आणि त्याच्यावर जबाबदारीही आहे. रेडिओच्या जाहिरातींनाही हाच नियम लागतो. फक्त शनिवारच्या अर्ध्या मिनिटाचे वेगळे बिल करता येत नाही. दैनिक मजुरीवरचा माणूस आणि मासिक वेतनावरचा माणूस यांतला फरक इतक्या जुन्या काळी इतका स्वच्छ मांडलेला आहे. आपल्याकडे कंत्राटावरच्या सफाई कामगाराला सुटीचे पैसे नाहीत, पण त्या दिवशी फलाट घाण राहिला तर जाब मात्र त्यालाच. तालमूदच्या हिशेबाने हे बसत नाही.

अशा केंद्रांचा रोजचा व्यवहार कसा चालतो याचा एक नमुना पॅरिसचा आहे. फ्रान्समध्ये १९८१ नंतर खासगी स्थानिक रेडिओला वाट मोकळी झाली. तिथे ज्यू समाजाच्या चार रेडिओ संस्था ९४.८ या एकाच लहरीवर वेळ वाटून घेत आल्या. विचार वेगळे, माणसे वेगळी, लहर एक. एकाच स्टेशनात तीन युनियनांचे फलक लावणाऱ्या आपल्या मंडळींनी हा नमुना जरूर पाहावा.

आणि रेल्वे कामगारांनी न्यूयॉर्कच्या डब्ल्यू.ई.व्ही.डी. या केंद्राचे नाव विसरू नये. हे केंद्र समाजवाद्यांनी १९२७ साली काढले आणि १९३२ पासून यिद्दिश भाषेतल्या 'फॉरवर्ड' या कामगार दैनिकाच्या संस्थेकडे आले. नावातली शेवटची तीन अक्षरे युजीन व्ही. डेब्स यांची. डेब्स हे इंजिनावरचे फायरमन, अमेरिकन रेल्वे युनियनचे संस्थापक, १८९४ च्या पुलमन संपाचे नेते. तो संप मोडायला सरकारने कोर्टातून मनाईहुकूम आणला, आणि त्यात एक मोठे कारण दिले ते टपाल अडल्याचे. रेल्वे आणि टपाल ही भावंडे आहेत हे मालक लोक आपल्याआधी ओळखतात.

इस्रायलमध्ये हा प्रश्न समाजाच्या केंद्राचा राहिला नाही, सरकारचा झाला. तिथे रेडिओ शनिवारी चालतो. दूरदर्शन शुक्रवारी रात्री दाखवावे की नाही यावरून १९६९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळ आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यात ओढाताण झाली आणि न्यायालयाच्या हुकुमाने प्रक्षेपण झाले. पण योम किप्पूर या उपवासाच्या दिवशी सारे बंद. ६ ऑक्टोबर १९७३ ला योम किप्पूर आणि शनिवार एकत्र आले. रेडिओ मुका होता. त्याच दुपारी इजिप्त आणि सीरियाने हल्ला केला, दोनच्या सुमारास भोंगे वाजले आणि रेडिओ बोलू लागला. राखीव सैनिकांना बोलावण्याचे सांकेतिक शब्द त्यावरून गेले. कर्मठ लोकांनीही त्या दिवशी रेडिओ ऐकला, कारण जीव वाचवण्यापुढे शब्बाथ मागे सरतो असा शास्त्राचाच नियम आहे.

१९९१ च्या आखाती युद्धात यातून एक सुंदर युक्ती निघाली. एक लहर 'शांत लहर' म्हणून राखून ठेवली. तिच्यावर ना गाणे, ना बातमी. धोक्याचा इशारा असेल तेवढाच ऐकू यायचा. रेडिओ चालू ठेवून निवांत झोपावे. शब्बाथ पाळणाराने शुक्रवारी उजेड असतानाच बटण दाबून ठेवावे, पुढे हात लावायचे कारण नाही. नंतरच्या लढायांतही ही लहर पुन्हा सुरू झाली. अत्यावश्यक सेवा म्हणजे नेमके काय, याचे याहून चोख उत्तर आम्हाला माहीत नाही. इशारा अत्यावश्यक आहे, सिनेगीत नाही. आपल्याकडे मात्र अत्यावश्यक हा शब्द एकदा उच्चारला की साहेबाच्या सलूनचा पडदा धुण्यापर्यंत सगळे त्यात शिरते.

तिथला १९५१ चा कायदा आठवड्याला सलग ३६ तास विश्रांती देतो. ज्यू कामगाराची शब्बाथला; इतरांना शुक्रवार, शनिवार किंवा रविवार, ज्याच्या समाजाचा जो दिवस तो. तरी तंटे होतातच. सप्टेंबर २०१६ मध्ये शनिवारची रेल्वे दुरुस्ती पंतप्रधानांनी ऐनवेळी थांबवली आणि तेल अवीव-हैफा मार्गावरच्या गाड्या अडकल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये याच कामावरून आरोग्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. या गदारोळात रुळावर उतरणाऱ्या गँगमनचे मत कोणी विचारले, असे वाचनात आले नाही.

आता घरचे. कोकणात बेने इस्राएल लोक तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. जात ओळखली गेली ती सुटीवरून! पुढे हेच मराठी बोलणारे लोक रेल्वे, टपाल, कस्टम अशा सरकारी नोकऱ्यांत शिरले. तिथे सुटी रविवारची, शनिवार कामाचा. घाण्याचा मालक शनिवारी बैल सोडू शकत होता, तारबाबू खुर्ची सोडू शकत नव्हता. आणि तो रविवारही कोणी दान दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे आणि मुंबईचे गिरणी कामगार यांनी झगडून १० जून १८९० ला तो पदरात पाडून घेतला.

आपला आजचा कायदा काय म्हणतो? १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १३३ सलग काम करणाऱ्याला आठवड्यात लागोपाठ ३० तास देते. अधूनमधून काम म्हणजे ज्यांचे वर्गीकरण झाले, त्यांना २४ तास आणि त्यात एक पूर्ण रात्र. रनिंग स्टाफचा हिशेब निराळा, महिन्यावर. गाडीवरून परतल्यावरची १६ तासांची विश्रांती वेगळी आणि साप्ताहिक ३० तास वेगळे, मिळून ४६, अशी लोको पायलटांची मागणी आहे. प्रशासन दोन्ही एकात एक मिसळू पाहते. राखणदाराच्या मजुरीत मिसळलेले शब्बाथचे पैसे राखणदाराच्या पदरात पडत होते. इथे मिसळल्यावर तास नाहीसे होतात.

चहानंतर प्रत्येक शाखेने आपापले रोस्टर घेऊन बसायचे आहे. शेवटच्या तीन महिन्यांत किती जणांच्या सुट्या मोडल्या, बदली सुटीची तारीख लेखी दिली होती का, आणि मोडायचे कारण नेमके काय नोंदवले, एवढे रकाने भरून आणा. कारणाच्या रकान्यात नुसते 'अत्यावश्यक' असे लिहिलेले सापडले, तर तो कागद वेगळा काढून ठेवा.