बेडकाच्या कातडीतली रसायनं



बेडकाच्या अंगावर ना खवले, ना केस, ना कवच. त्याची कातडी पातळ आणि सदैव ओली असते, कारण तो तिच्यातूनच पाणी शोषतो आणि बराचसा श्वासही घेतो. पण अशा ओल्या कातडीवर बुरशी आणि जिवाणू सहज वाढतात, आणि साप-पक्ष्यांनाही तो मऊ घास असतो. या सगळ्यांना दूर ठेवतात ती त्याच्या कातडीतल्या सूक्ष्म ग्रंथींमधून पाझरणारी रसायनं.

सुरुवात आपल्या अंगणापासून करू. पावसाळ्यात दिव्याखाली किडे टिपायला येणारा, खरखरीत अंगाचा भेक आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात. त्या दाबल्या गेल्या की दुधासारखा चिकट द्रव बाहेर येतो. हृदयाच्या पेशींमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचा तोल राखणारी जी यंत्रणा असते, तीच या द्रवातली विषं अडवतात. हृदयविकारावरचं डिजिटॅलिस हे जुनं औषधही याच यंत्रणेवर काम करतं. त्याची मात्रा चुकली तर तेही जीवघेणं ठरतं. भेकाला हात लावल्याने चामखीळ येते, ही भीती मनातून काढून टाकावी. मात्र हात स्वच्छ धुवावेत आणि तोवर डोळे चोळू नयेत. घरच्या कुत्र्याने भेक तोंडात धरला आणि त्याच्या तोंडाला फेस आला, तर पाणी घशात जाणार नाही अशा बेताने तोंड धुवावं आणि लगेच पशुवैद्याकडे न्यावं.

भेक हे विष स्वतःच्या शरीरात तयार करतो. दक्षिण अमेरिकेतल्या विषारी बेडकांची गोष्ट वेगळी आहे. 1974 साली जॉन डॅली आणि चार्ल्स मायर्स हे अमेरिकी शास्त्रज्ञ इक्वेडोरमध्ये गेले होते. तिथल्या एपिपेडोबेटीस प्रजातीतल्या एका चिमुकल्या बेडकाच्या कातडीचा अर्क त्यांनी उंदराला टोचला. उंदराची शेपटी पाठीवर कमानीसारखी ताठ उभी राहिली. अफूच्या वर्गातली वेदनाशामकं दिल्यावर हेच लक्षण दिसतं. पण अफूचा परिणाम उतरवणारं औषध देऊनही इथे फरक पडला नाही. म्हणजे वेदना थांबवण्याची वाट इथे निराळी होती.

पुढे सुमारे 750 बेडकांपासून जे द्रव्य मिळालं, ते इतकं थोडं होतं की त्याची रचना उलगडायला 1992 साल उजाडलं. एपिबॅटिडिन हे त्याचं नाव. उंदरांवरच्या प्रयोगांत ते मॉर्फीनच्या सुमारे 200 पट प्रभावी ठरलं. तंबाखूतलं निकोटिन मज्जापेशींच्या ज्या ग्राहकांना जाऊन चिकटतं, त्यांनाच तेही चिकटतं. मात्र उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार कमी असल्याने ते औषध म्हणून देता आलं नाही. तरीही वेदनाशमनाची एक नवी दिशा त्याने दाखवली. स्वतः बेडूक या विषाने का मरत नाही, याचंही उत्तर नंतर मिळालं. त्याच्या ग्राहक प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदललेलं आहे, आणि तेवढ्या बदलाने त्याचा बचाव होतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. याच बेडकांची पैदास बंदिस्त जागेत केली, तर त्यांच्या कातडीत एपिबॅटिडिन नसतं. या कुळातले बेडूक अल्कलॉइड वर्गातली अशी विषं प्रामुख्याने खाण्यातून, म्हणजे मुंग्या आणि सूक्ष्म कोळीवर्गीय किडे यांच्यातून मिळवतात. काचेच्या पेटीत बेडूक जगतो, वाढतो, अंडी घालतो, पण ते रसायन मात्र तिथे उतरत नाही. जाती वाचली आणि जंगल गेलं, तर असं द्रव्य आपल्या हातून कायमचं निसटतं.

हा प्रश्न फक्त इक्वेडोरचा नाही. पुण्याचे आनंद पाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये 'हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा' या बेडकाची स्वतंत्र जाती म्हणून नोंद केली. हा बेडूक आपल्या पश्चिम घाटातला. केरळमधल्या याच बेडकाच्या कातडीतून वेगळं काढलेलं 'उरुमिन' नावाचं पेप्टाइड 2017 मध्ये जगासमोर आलं. एच-वन गटातल्या फ्लूच्या विषाणूंचं कवच ते फोडतं, आणि प्रयोगातल्या उंदरांना त्याने जीवघेण्या संसर्गातून वाचवलं. औषधाच्या दुकानापर्यंतचा त्याचा प्रवास अजून लांबचा आहे. पण ज्या बेडकाला 2015 पर्यंत स्वतंत्र नावही नव्हतं, त्याच्यापाशी हे होतं, याचा विचार आपण करायला हवा.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे. गावचा ओढा बुजवताना, सड्यावरची पाणथळ जागा सपाट करताना, बांधावर कीटकनाशकं फवारताना बेडकाचाही हिशेब मांडा. त्याच्या कातडीतली लाखो वर्षांत घडलेली रसायनं आपण अजून पुरती तपासलेलीही नाहीत. ती तपासायची, तर आधी बेडूक राहायला हवा, आणि तोही त्याच्या जागी, त्याच्या पाण्यासह आणि त्याच्या किड्यांसह.