पेशीची अडकलेली कळ

मनुष्याच्या शरीरांतील पेशी केवळ आपल्या मर्जीनें वाढत नाहीं. वाढीचा हुकूम तिला बाहेरून येतो, आणि तिच्या आंतील प्रथिनें तो हातोहात केंद्रापर्यंत पोहोंचवितात. त्यांची रीत मोठी चमत्कारिक आहे. एक प्रथिन दुसऱ्यास फॉस्फेटाचा कण चिकटवितें. तेवढ्यानें तें बहुधा जागें होतें आणि कण निघाला कीं पुन्हां निजतें. कण चिकटविणाऱ्या प्रथिनांस कायनेज म्हणतात.

१९६० सालीं फिलाडेल्फिया येथें पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगांत एक गुणसूत्र विलक्षण आखूड दिसलें. १९७३ त शिकागोच्या जॅनेट राउली यांनीं त्याचा उलगडा केला: ९ व्या व २२ व्या गुणसूत्रांनीं आपले तुकडे परस्परांत बदलले होते! या अदलाबदलींत दोन जनुकें जोडलीं जाऊन 'बीसीआर-एबीएल' हें जोडप्रथिन निपजतें. तेंहि कायनेजच, परंतु त्याची कळ सदैव दाबलेली राहते. हुकूम देणारा कोणी नसतांना हुकूम सुटत राहतात आणि श्वेतपेशी बेसुमार वाढतात.

पूर्वापार चालत आलेलीं विषारी औषधें वाढत्या पेशींवर सरसकट मारा करतात. मग तीं केसांचीं मुळें असोत वा आंतड्याचें अस्तर. बाझलच्या सीबा-गायगी कंपनींत निकोलस लायडन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निराळी वाट धरली. कायनेजला कण मिळतो तो एटीपी या द्रव्यापासून, आणि तें द्रव्य प्रथिनाच्या एका खोबणींत बसतें. ती जागा दुसऱ्याच कोणीं अडविली तर? शेंकडों कायनेजांच्या खोबणी जवळजवळ सारख्या. त्यांतून नेमकी एक अडविणें पुष्कळांस अशक्य वाटे. तरी इमॅटिनिब साधलें. ब्रायन ड्रुकर प्रभृतींनीं १९९८ त अमेरिकेंत रोग्यांवर चाचणी आरंभिली. पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रोग्यांपैकीं ५३ जणांच्या रक्तांतील पेशींचें प्रमाण पूर्ववत् झालें. मे २००१ मध्यें तेथील सरकारची मान्यता मिळाली.

मात्र हें औषध कळ सोडवितें, रोगाचें मूळ उपटीत नाहीं. म्हणून बहुतेकांस गोळी वर्षानुवर्षें रोज घ्यावी लागते. शिवाय प्रथिनाच्या ३१५ व्या स्थानीं एकच अमिनो आम्ल बदललें, तर इमॅटिनिब खोबणींत बसेनासें होतें. त्यावर चालणारें पोनॅटिनिब अमेरिकेंत २०१२ सालीं मान्य झालें.

रोजची गोळी म्हटली कीं किंमत आलीच. सीबा-गायगी व सँडोझ मिळून झालेल्या नोव्हार्टिसनें इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपासाठीं भारतांत पेटंट मागितलें होतें. त्या रूपानें रोग अधिक बरा होतो हें सिद्ध झालें नाहीं, असें ठरवून सर्वोच्च न्यायालयानें १ एप्रिल २०१३ रोजीं ती मागणी फेटाळली. त्यामुळें भारतीय कंपन्यांची, कितीतरी पटींनीं स्वस्त, गोळी रोग्यांच्या हातीं राहिली.