मज्जापेशींचें रक्षण

शरीराला झालेली पुष्कळशी इजा निसर्ग आपण होऊन भरून काढतो. मोडलेलें हाड सांधतें, फाटलेली कातडी नवी येते. मेंदूंतील मज्जापेशींची गोष्ट मात्र निराळी आहे. एकदां नष्ट झालेली मज्जापेशी बहुधा परत मिळत नाहीं. म्हणून ती मरण्यापूर्वींच तिला वाचविणें शक्य आहे काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढें उभा राहिला. जन्मतांना गुदमरलेल्या अर्भकाच्या उदाहरणावरून आज आपण त्याचा विचार करूं.

प्रसूतीच्या वेळीं नाळ दाबली गेली किंवा वार अकालीं सुटली, तर अर्भकाच्या मेंदूला प्राणवायु कमी पडतो. त्याच क्षणीं साऱ्या पेशी मरतात, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तसें होत नाहीं. पेशींची शक्ति खालावते आणि एरवीं निरोप पोंचविणारें ग्लुटामेट नांवाचें द्रव्य बेसुमार सांठतें. त्याच्या अतिरेकानें पेशींत कॅल्शियम शिरतें व तें त्यांचा आंतून नाश करूं लागतें. अशा द्रव्यांच्या अतिउत्तेजनानें मज्जापेशी मरतात, ही कल्पना जॉन ओल्नी या अमेरिकन शास्त्रज्ञानें इ. स. १९६९ मध्यें मांडली. श्वास सुरू झाल्यावर पेशी कांहीं काळ सांवरतात. परंतु कित्येक तासांनीं ऱ्हासाची दुसरी लाट येते. या दोहोंमधला अवकाश हीच रक्षणाची संधि होय.

ती साधण्याचा उपाय अगदीं साधा निघाला. जन्मानंतर सहा तासांच्या आंत अर्भकाचें उष्णमान ३३.५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरवावयाचें व ७२ तास तेथेंच राखावयाचें. थंडाव्यानें पेशींची शक्तीची गरज घटते आणि नाशाची क्रिया मंदावते. अमेरिकेंत २०८ अर्भकांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २००५ सालीं प्रसिद्ध झाला. नेहमींची शुश्रूषा मिळालेल्यांपैकीं शेंकडा ६२ अर्भकें दगावलीं किंवा त्यांना मध्यम वा तीव्र अपंगत्व आलें. थंड ठेवलेल्यांत हें प्रमाण शेंकडा ४४ होतें.

मग हाच उपाय आपल्याकडेही सरसकट कां करूं नये? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील सात रुग्णालयांत ४०८ अर्भकांवर प्रयोग झाला. मुंबईचें शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय त्यांपैकींच एक. २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो धक्का देणारा होता. थंड ठेवलेल्यांपैकीं शेंकडा ४२ अर्भकें दगावलीं, इतरांपैकीं शेंकडा ३१. कोणी म्हणेल, साधनें निकृष्ट असतील. तसें नव्हतें, उष्णमान यंत्रानें काटेकोर राखलेलें होतें. संभवनीय कारण असें कीं, आपल्याकडील कित्येक अर्भकांना इजा जन्माच्या पुष्कळ आधींपासून होत असावी. तसें असेल तर तो मोलाचा अवकाश मूल जन्मण्यापूर्वींच निघून गेलेला असतो, आणि मग थंडावा उपकार करण्याऐवजीं अपाय करतो.

औषधांचाही अनुभव असाच सावध करणारा आहे. रक्तपेशी वाढविणारें एरिथ्रोपोएटिन हें द्रव्य प्राण्यांच्या मेंदूचें रक्षण करतांना दिसलें होतें. अमेरिकेंत थंडाव्याच्या जोडीला तें अर्भकांना दिलें असतां कांहीं लाभ झाला नाहीं, असें २०२२ मध्यें आढळून आलें.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. एका देशांत सिद्ध झालेला उपाय दुसरीकडे नव्यानें पारखून घेतला पाहिजे. आणि जेथें इजा आधींच होऊन चुकते, तेथें रक्षणाचा आरंभही आधींच झाला पाहिजे. प्रसूति अडली असतां गर्भाच्या हृदयाचे ठोके वारंवार तपासणें, स्त्रीला वेळेवर रुग्णालयांत पोंचविणें आणि बालकाच्या पहिल्या श्वासाच्या वेळीं जाणतें मनुष्य जवळ असणें, हीं कामें प्रयोगशाळेबाहेरचीं खरीं. पण कोट्यवधि मज्जापेशींचें भवितव्य त्यांवरच अवलंबून आहे.