जुने इंजिन बांधावे की दुसरे बसवावे?
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून ट्रकच्या इंजिनाविषयी बोलणे काहींना विचित्र वाटेल. परंतु याच शाळेच्या कार्यशाळेत व्हर्नियर कॅलिपर प्रथम माझ्या हाती आला आणि पुढे तंजावूरला त्यावरच माझा संसार चालला. तेव्हा ठाऊक आहे तेच बोलतो.

तंजावूर म्हटले की आपल्याला सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. माझे तंजावूर भाताच्या पोत्यांचे आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात सांबा हंगामाची कापणी जानेवारी-फेब्रुवारीत येते. त्या काही आठवड्यांत ट्रक उभा राहिला, तर मालकाचे वर्षाचे गणित कोसळते. मालक बहुधा स्वतःच चालक असतो आणि डोक्यावर कर्ज असते. अशा वेळी इंजिन धूर ओकू लागले, तेल पिऊ लागले, की तो विचारतो: हेच बांधू, की दुसरे बसवू?

आमच्याकडच्या जुन्या गाड्यांत टाटांचे ६९७ पुष्कळ. सहा सिलिंडर, ५६७५ घन सेंटिमीटर. टेल्कोने १९५४ साली डाइम्लर-बेंझशी जो सहकार्याचा करार केला, त्या परंपरेतले यंत्र. त्याचे सुटे भाग आणि ते जाणणारा मिस्त्री गावोगाव सापडतो. (तमिळमध्येही मेस्तिरीच म्हणतात; शब्द दोघांनीही पोर्तुगीजांकडून घेतला.) म्हणून सुरुवातीच्या काळात माझा कौल डोळे झाकून बांधण्याकडे असे.

त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. एका मालकाचा ट्रक आला. त्यांना मी अण्णा म्हणे, कारण तिकडेही थोरल्या भावाला अण्णाच म्हणतात. लायनरची झीज मोजली. क्रँकचे जर्नल पूर्वी एकदाच घासलेले होते. ‘बांधून घ्या, अण्णा,’ म्हणालो. गाडी पूर्वी पाण्यावाचून तापली होती, हे त्यांनी सांगितले होते. मी ऐकले, पण मनावर घेतले नाही. ब्लॉकची पाण्याच्या दाबाखाली तपासणी टाळून एक दिवस वाचवला. लायनर, पिस्टन, बेअरिंग, पंपाचे कॅलिब्रेशन, सारे यथासांग झाले. तिसऱ्या आठवड्यात रेडिएटरचे पाणी आटू लागले आणि तेल दुधाळ झाले. सिलिंडरच्या भिंतीला केसाएवढी भेग होती. कापणी ऐन भरात होती. मजुरी मी परत केली. भागांचे पैसे आणि हंगाम मात्र गेला तो गेलाच. अण्णा मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

तेव्हापासून आधी ब्लॉक, मग क्रँक आणि सर्वांत शेवटी किंमत, हा क्रम मी मोडलेला नाही. जर्नल पाव-पाव मिलिमीटरने घासत एक मिलिमीटरपर्यंत उतरता येते. तिथवर पोहोचलेल्या क्रँकवर खर्च करणे व्यर्थ. ब्लॉक निकोप आणि क्रँकला वाव असेल, तर खुशाल बांधावे. नसेल तर हाफ इंजिन, किंवा कंपनीनेच पुनर्बांधणी करून हमीसह दिलेले इंजिन घ्यावे. टाटांच्या ‘प्रोलाइफ’ योजनेत ते जुन्याच्या बदल्यात मिळते. ते महाग दिसते. पण उभ्या ट्रकचे दिवसही हिशेबात धरा. हाफ इंजिनावर झिजलेला जुना पंप आणि नोझल चढवू नका, नाहीतर नवे पिस्टनही जळतील. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात असतो. तो आरटीओकडे बदलून घेतल्याखेरीज गाडी रस्त्यावर आणू नये.

तरुण मालक विचारतात, जुन्याला टर्बो लावू का? टर्बोने हवा वाढते, तसा दाब आणि उष्णताही वाढते. ती सोसणारे पिस्टन, गॅस्केट, गिअरबॉक्स आणि ब्रेक कोठून आणणार? आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ चे इंजिन जुन्या चौकटीत नुसते बोल्ट आवळून बसत नाही; त्याच्यासोबत संगणकीय नियंत्रण आणि धूर शुद्ध करणारी सारी यंत्रणाच यावी लागते.

अण्णांना अखेर दुसरे इंजिन घ्यावे लागले. भेगाळलेला ब्लॉक बदल्यात कोणी घेईना, म्हणून तो माझ्याकडेच राहिला. परवा तो आपल्या शाळेच्या कार्यशाळेत उतरवला आहे. भेग कोठे आहे, ते मी शिक्षकांनाही सांगितलेले नाही, मुलांनी शोधावी.