जिवंत पेशीतील दिवा



दुर्गाबाई भागवतांचे ग्रंथ आपल्या परिचयाचे आहेत. त्यांच्या धाकट्या भगिनी कमला सोहोनी यांनी वनस्पतींच्या पेशींतील ‘सायटोक्रोम सी’ हा श्वसनातील दुवा शोधून १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. त्या काळी चयापचय अभ्यासण्यासाठी बहुधा पेशी वाटाव्या लागत. जीवन जाणण्यासाठी जीवच घ्यावा लागे. १९६२ मध्ये शिमोमुरांना जेलीफिशमध्ये हिरवे चमकणारे प्रथिन सापडले. आज त्यापासून रचलेले संवेदक पेशी स्वतःच घडविते; शर्करेचा रेणू चिकटताच त्यांची चमक बदलते, आणि पेशी जिवंतच राहते. मी मराठीचा अध्यापक. वर्गात कवितेचे विच्छेदनच करीत आलो. सुरतेत मराठी वाचन जिवंत ठेवणाऱ्या आपणांपुढे ही कबुली देऊन थांबतो.